लिनक्सवर वायरलेस नेटवर्क तपासण्यासाठी यूएसबी अडॅप्टर कोणता घ्यावा?

कृष्णाकाठ (सांगली) :

सर्वांना नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ बेदाण्याचे एक कोल्ड स्टोरेज आहे आणि तिथल्या संगणकांची व नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. सहा चेंबरमध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारे अठरा सेन्सर बसवलेले असून ते ईएसपी८२६६ या चिपवर चालतात आणि दर मिनिटाची नोंद वाय-फायवरून कार्यालयातल्या संगणकाकडे पाठवतात. गेल्या दीड महिन्यापासून चेंबर तीन आणि चारमधले सेन्सर रात्री नऊ-दहानंतर गायब होतात आणि पहाटे आपोआप परत येतात. शेजारचे कोणीतरी मुद्दाम आपले नेटवर्क तोडत आहे, असा मालकांचा संशय आहे. हा संशय खरा असेल तर पोलिसांकडे जावे लागेल आणि खोटा असेल तर उगाच कोणावर आळ यायला नको, म्हणून हवेतल्या फ्रेम (वाय-फायवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे) प्रत्यक्ष टिपून पुराव्यानिशी काय ते सांगावे, असे मी ठरवले आहे. तपासणीसाठी मालकांची लेखी परवानगी घेतली आहे.

माझ्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असून तिचा कर्नल, म्हणजे गाभा, ६.१ आहे. आतले कार्ड कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेले ठेवणे भाग आहे, त्यामुळे केवळ ऐकण्यासाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यायचा आहे. चार हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. ऑनलाइन दुकानांत ‘लिनक्सवर चालतो’, ‘हाय पॉवर’, ‘दोन अँटेना’ असे शब्द सगळीकडे सारखेच लिहिलेले आहेत आणि त्यांतून निवड कशावर करावी, हे कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

विश्रामबाग :

खोक्यावरचे नाव आणि अँटेनांची संख्या बाजूला ठेवा आणि आत चिप कोणती आहे एवढेच विचारा. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल, तर तो अडॅप्टर आपल्या कामाचा नाही असे समजा.

अजिंक्यतारा (सातारा) :

वर दिलेला सल्ला अगदी योग्य आहे. साताऱ्यात विद्यार्थ्यांकडून नेटवर्कचे प्रात्यक्षिक करून घेताना मला दरवर्षी हेच पहिल्या तासाला समजावून सांगावे लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लिनक्समध्ये वायरलेस कार्ड चालवण्याचे काम ड्रायव्हर करतो आणि ड्रायव्हर चिपसाठी लिहिलेला असतो. बाहेरचे प्लास्टिक कोणत्या कंपनीचे आहे, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. एकाच कंपनीच्या, जवळजवळ सारख्याच नावाच्या तीन अडॅप्टरमध्ये तीन वेगळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात. अल्फा कंपनीचे उदाहरण घ्या. एडब्ल्यूयूएस०३६एनएचए या मॉडेलमध्ये अॅथेरॉसची एआर९२७१ आहे, एडब्ल्यूयूएस०३६एसीएम या मॉडेलमध्ये मीडियाटेकची एमटी७६१२यू आहे आणि एडब्ल्यूयूएस०३६एसीएच या मॉडेलमध्ये रिअलटेकची आरटीएल८८१२एयू आहे. शेवटची दोन-तीन अक्षरे बदलली की लिनक्सवरचा सगळा अनुभव बदलतो. कधी कधी तर मॉडेलचे नावही तेच राहते आणि फक्त आवृत्ती बदलते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती आणि दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. जुने लेख वाचून हे मॉडेल शोधणाऱ्यांनी म्हणूनच मागच्या बाजूचा आवृत्तीचा आकडा आधी वाचावा.

आता ड्रायव्हरविषयी. जो ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि कर्नलच्या मॅक८०२११ या सामाईक रचनेवर बेतलेला आहे, तोच घ्यावा, हा माझा आग्रह आहे. असा ड्रायव्हर कर्नलबरोबर अद्ययावत होत राहतो आणि त्यात मॉनिटर मोड (कोणत्याही नेटवर्कला न जोडता हवेतल्या फ्रेम ऐकण्याची पद्धत) बहुधा नीट चालतो. एआर९२७१साठी एटीएच९के_एचटीसी, रॅलिंकच्या आरटी३०७०, आरटी५३७० आणि आरटी५५७२ या चिपसाठी आरटी२८००यूएसबी, तर एमटी७६१२यूसाठी एमटी७६एक्स२यू हा ड्रायव्हर आहे. यांपैकी पहिले दोन फार जुने आणि मुरलेले आहेत. तिसरा कर्नल ४.१९ मध्ये आला, त्यामुळे आपल्या ६.१ वर तोही तयारच मिळेल. एआर९२७१ची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिच्या फर्मवेअरचा मूळ कोडसुद्धा २०१३ मध्ये खुला करण्यात आला आणि वाय-फायच्या चिपबाबत असे क्वचितच घडले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याला फक्त ऐकायचे आहे की फ्रेम पाठवूनही पाहायच्या आहेत, हे आधी ठरवा. पुष्कळ जण ‘इंजेक्शन (स्वतः तयार केलेल्या फ्रेम हवेत सोडणे) चालते का’ हाच प्रश्न घेऊन बाजारात जातात, परंतु आपण सांगितलेल्या कामाला इंजेक्शनची गरजच नाही. कोणी खोट्या फ्रेम पाठवून सेन्सर तोडत असेल तर डीऑथेंटिकेशनच्या, म्हणजे जोडणी तोडायला सांगणाऱ्या, फ्रेम हवेत बहुधा असणारच आणि त्या मॉनिटर मोडमध्ये केवळ ऐकून पकडता येतात.

मिरजकर :

माझा अनुभव लिहितो, म्हणजे आपली तीच चूक टळेल. दोन वर्षांपूर्वी मी लांब अँटेना असलेला, कोणत्याही नामांकित कंपनीचा नसलेला एक अडॅप्टर ऑनलाइन मागवला. जोडल्यावर एलएसयूएसबी या, यूएसबी उपकरणांची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये तो वायरलेस उपकरण म्हणून दिसेना, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसू लागला. अशा अडॅप्टरमध्ये विंडोजचा ड्रायव्हर एका नकली सीडीच्या रूपात भरलेला असतो आणि यूएसबी_मोडस्विच चालवल्याशिवाय खरे उपकरण पुढे येत नाही. ते केल्यावर आत रिअलटेकची चिप निघाली, जिचा ड्रायव्हर तेव्हाच्या माझ्या कर्नलमध्ये नव्हता. मग बाहेरून कोड आणून तो डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) बांधावा लागला. सिक्युअर बूट चालू असल्यामुळे सही नसलेला तो मॉड्यूल कर्नलने नाकारला, म्हणून स्वतःची किल्ली तयार करून ती नोंदवावी लागली. एवढे करून महिनाभर काम चालले आणि कर्नल बदलला त्या दिवशी मॉड्यूल पुन्हा बांधला गेला नाही. नेमकी त्याच दिवशी मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या नेटवर्कची तपासणी ठरलेली होती आणि मला रिकाम्या हाताने परत यावे लागले. ते अपयश अजूनही मनाला लागून आहे.

कृष्णाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. आता दोन शंका उरतात. एआर९२७१ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, असे वाचले. मग आज ती घेणे म्हणजे जुनी वस्तू गळ्यात मारून घेणे तर नाही ना? आणि मी तपासणीची साधने व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवली तर चालेल का?

अजिंक्यतारा :

दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपचे आतले कार्ड वायरलेस कार्ड म्हणून दिसत नाही, तिला ते साधे केबलचे नेटवर्क भासते. यूएसबी अडॅप्टर मात्र संपूर्णपणे तिच्या ताब्यात देता येतो आणि म्हणून तो चालतो. परंतु आपल्या लॅपटॉपवर मुळातच डेबियन असताना मध्ये आणखी एक थर घालण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

पहिली शंका अधिक मोलाची आहे. आपले सेन्सर ईएसपी८२६६वर चालतात आणि ही चिप स्वतःच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. तिच्याकडे एकच अँटेना आणि एकच प्रवाह (एका वेळी समांतर जाणाऱ्या डेटाची धार) आहे, तसेच ती २० मेगाहर्ट्झपेक्षा रुंद चॅनल वापरत नाही. एआर९२७१ देखील एकाच प्रवाहाची चिप आहे, त्यामुळे हे सेन्सर जे बोलतील ते सगळे तिला कळू शकते. हीच चिप घेऊन आपण कार्यालयातल्या नव्या लॅपटॉपची वाहतूक ऐकायला बसलात, तर चित्र वेगळे होईल. लॅपटॉप आणि अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण) दोन प्रवाहांत डेटा पाठवू लागले की एका प्रवाहाच्या चिपला त्या फ्रेम उलगडता येत नाहीत. बीकन (अॅक्सेस पॉइंट आपली ओळख सांगतो त्या फ्रेम) आणि व्यवस्थापनाच्या इतर फ्रेम कमी वेगाने जातात म्हणून त्या दिसतात, डेटा मात्र दिसत नाही, आणि नवखा माणूस ‘वाहतूकच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी किमान तिघांनी हा निष्कर्ष अहवालात लिहून आणलेला आहे. म्हणून ज्याचे बोलणे ऐकायचे आहे, त्याच्याइतकी तरी क्षमता ऐकणाऱ्याकडे हवी, या हिशेबाने चिप निवडावी.

पुढे ५ गिगाहर्ट्झची तपासणी करायची असेल, तर दोन प्रवाहांची एमटी७६१२यू घ्यावी. आपल्या देशात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे वाय-फायसाठी परवानामुक्त झाले, त्यामुळे आता कार्यालयांतला बराचसा भार तिकडे गेलेला असतो. तिथे ऐकताना चॅनलची रुंदीही आपणच सांगावी लागते. चॅनल ३६ असे नुसते सांगून ८० मेगाहर्ट्झवरचा डेटा हाती लागत नाही.

कर्नलवाचक :

रिअलटेकविषयी थोडी दुरुस्ती सुचवतो. आरटीएल८८१२एयूचा आधार कर्नल ६.१४ पासून आरटीडब्ल्यू८८ या कर्नलमधल्याच ड्रायव्हरमध्ये आला आहे, त्यामुळे ‘रिअलटेक म्हणजे डीकेएमएसची कटकट’ हे समीकरण नव्या कर्नलवर पूर्वीसारखे राहिलेले नाही. ज्यांच्याकडे हा अडॅप्टर आधीपासून आहे, त्यांनी तो टाकून देऊ नये. वाय-फाय ६ची एमटी७९२१एयू ही चिपही विचारात घेण्याजोगी आहे. तिचा ड्रायव्हर ५.१८ पासून कर्नलमध्ये आहे, म्हणजे ६.१ वर ती चालेल.

अजिंक्यतारा :

दुरुस्ती मान्य आहे. धागाकर्त्यांचा कर्नल ६.१ असल्यामुळे त्यांना मात्र आरटीएल८८१२एयू घेण्याचा सल्ला मी अजूनही देणार नाही. एमटी७९२१एयू उत्तम आहे, पण ती त्यांच्या अंदाजपत्रकात बसेल असे वाटत नाही आणि अठरा सेन्सरसाठी तिची गरजही नाही.

विश्रामबाग :

परवानगीचा उल्लेख आपण पहिल्याच परिच्छेदात केलात, हे वाचून समाधान वाटले. हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो की, दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीविना, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने शिरणे किंवा ते विस्कळीत करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मार्केट यार्डात भिंतीला भिंत लागून दुकाने आहेत. टिपलेल्या नोंदींतून शेजाऱ्यांची उपकरणे गाळून मगच त्या जतन कराव्यात.

कृष्णाकाठ :

खरेदी झाली. ऑनलाइन न मागवता गावातल्याच एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो आणि पैसे देण्याआधी जोडून पाहू द्यावे, अशी विनंती केली. दुकानदारांनी आनंदाने परवानगी दिली. त्यांनी काढलेल्या पहिल्या अडॅप्टरच्या खोक्यावर चिपचे नाव नव्हते आणि एलएसयूएसबीने तो रिअलटेकचा असल्याचे दाखवले. दुसरा एका जुन्या खोक्यात, वरच्या फळीवर धूळ खात पडलेला होता. तो जोडल्यावर ०सीएफ३:९२७१ हा क्रमांक पडद्यावर आला, डीमेसेज या कर्नलच्या नोंदींत एचटीसी_९२७१ या नावाचे फर्मवेअर चढल्याची ओळ दिसली आणि अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लागला. ‘आयडब्ल्यू लिस्ट’ ही कमांड दिल्यावर चालणाऱ्या मोडच्या यादीत मॉनिटरही होता. काउंटरवर उभे राहून एवढे तपासायला चार मिनिटेसुद्धा लागली नाहीत. चौदाशे रुपये देऊन तो घेतला.

एक अडचण आली ती लिहितो. मॉनिटर मोडमध्ये टाकल्यावर थोड्या वेळाने तो आपोआप साध्या मोडमध्ये परत जात होता.

मिरजकर :

हे जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामचे काम आहे. ‘एअरमॉन-एनजी चेक किल’ ही कमांड नेटवर्कमॅनेजर पूर्ण बंद करते, परंतु त्यामुळे आतल्या कार्डाची जोडणीही तुटेल आणि आपल्याला ती हवी आहे. त्याऐवजी एनएमसीएलआय ही नेटवर्कमॅनेजरची कमांड वापरून फक्त या नव्या अडॅप्टरचे व्यवस्थापन सोडून द्यायला सांगा. आतले कार्ड जोडलेले राहील आणि अडॅप्टर मोकळा होईल.

अडॅप्टर थेट लॅपटॉपला न खोचता मीटरभर लांबीच्या यूएसबी केबलने दूर ठेवा. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि त्यांना जोडलेल्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून प्रसिद्ध केलेले आहे. केबलमुळे तो टळतो आणि अडॅप्टर हवा तिथे टांगताही येतो.

अजिंक्यतारा :

ऐकायला बसण्याआधी चॅनल पक्का करा. एक अडॅप्टर एका वेळी एकच चॅनल ऐकतो. सगळ्या चॅनलवर उड्या मारत ठेवला, तर सेन्सर तुटण्याचा नेमका क्षण निसटण्याची शक्यता फार मोठी असते.

हल्ला ओळखायचा तर डीऑथेंटिकेशनच्या फ्रेमची सिग्नलची पातळी आणि त्याच अॅक्सेस पॉइंटच्या बीकनची पातळी शेजारी शेजारी ठेवून पाहा. तोडणारा माणूस अॅक्सेस पॉइंटचा पत्ता उसना घेऊ शकतो, परंतु तो वेगळ्या जागी उभा असतो, म्हणून दोन्ही पातळ्या सहसा जुळत नाहीत आणि फ्रेमचे अनुक्रमांकही मध्येच उड्या मारतात. पातळीचे आकडे एकाच अडॅप्टरने घेतलेले असले तरच त्यांची तुलना करा, कारण प्रत्येक चिप आपापल्या पद्धतीने ते मोजते.

कृष्णाकाठ :

तीन रात्रींची नोंद पूर्ण झाली आणि उत्तर मिळाले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या रात्री अडॅप्टर अॅक्सेस पॉइंटजवळ, पॅसेजमध्ये टांगला. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी हमालांनी शेवटच्या पेट्या आत लावल्या आणि चेंबर तीनचा सरकता दरवाजा ओढून घेतला. मी पडद्याकडेच पाहत होतो. त्या चेंबरमधल्या सेन्सरची पातळी उणे ६४ डीबीएमवरून उणे ८७ वर घसरली आणि फ्रेमांवर पुनःप्रेषणाची खूण दिसू लागली. सेन्सर तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि अॅक्सेस पॉइंटकडून पोच येत नव्हती. पुढच्या काही मिनिटांत एकेक सेन्सर शांत झाला. त्यानंतर अॅक्सेस पॉइंटने त्या सेन्सरच्या नावाने डिसअसोसिएशनच्या फ्रेम पाठवल्या आणि त्यांत कारण क्रमांक ४ होता, म्हणजे बराच वेळ काहीच हालचाल नाही म्हणून जोडणी सोडली. या फ्रेमची पातळी बीकनच्या पातळीशी तंतोतंत जुळत होती आणि अनुक्रमांकही सलग होते. तिन्ही रात्रींत परक्या जागेवरून आलेली एकही तोडणारी फ्रेम मिळाली नाही.

दुसऱ्या रात्री मी स्वेटर घालून चार अंशांच्या चेंबरमध्ये वीस मिनिटे दरवाजा बंद करून बसलो, बाहेर एक सहकारी दाराशी उभा होता. आतून सगळे सेन्सर स्वच्छ ऐकू येत होते आणि अॅक्सेस पॉइंटचे बीकन मात्र कसेबसे पोहोचत होते. चेंबरच्या भिंती पफ (फोम भरलेल्या) पॅनेलच्या असून त्यांच्या दोन्ही बाजूंना पत्रा आहे, दरवाजाही तसाच आहे. दिवसा मालाची ने-आण चालू असताना दार उघडे राहते आणि सेन्सर जोडलेले राहतात, रात्री ते बंद होते आणि सेन्सर तुटतात, पहाटे गाडी भरायला दार उघडले की परत येतात. दीड महिन्यापूर्वीच तीन आणि चार या चेंबरच्या दारांचे जुने, फाटलेले रबर बदलले होते आणि दारे रुळावर नीट बसवून घेतली होती, हे मालकांशी बोलताना लक्षात आले. त्याआधी दारांच्या कडेला राहणाऱ्या फटीतून जेमतेम सिग्नल जात असावा.

मालकांना आलेख दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि शेजाऱ्यांविषयीचा संशय मनातून काढून टाकल्याचे स्वतःहून सांगितले. मला या कामाचे सर्वात मोठे समाधान त्यातच वाटले.

अजिंक्यतारा :

फार नेटके काम केलेत. डेटाच्या फ्रेम एन्क्रिप्टेड असूनही हे सगळे दिसले, कारण पातळी, पुनःप्रेषणाची खूण आणि पत्ते फ्रेमच्या उघड्या भागात असतात, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. आता अॅक्सेस पॉइंटची शक्ती वाढवण्याच्या फंदात पडू नका. त्याचा आवाज आत पोहोचला, तरी सेन्सरचा बारीक आवाज पत्र्यातून बाहेर येणार नाही.

कृष्णाकाठ :

तोच विचार केला. कूलिंगच्या वायरी आत जातात त्या भोकातून नेटवर्कची केबल ओढून भोक पुन्हा फोमने बंद केले आणि थंडी व ओल सोसणारा, उघड्यावर बसवण्याच्या प्रकारातला छोटा अॅक्सेस पॉइंट चेंबर तीनमध्ये बसवला. काल रात्रभर दार बंद होते आणि एकही सेन्सर तुटला नाही. चेंबर चारची केबल शनिवारी ओढायची आहे. पाच आणि सहाच्या दारांचे रबर पुढच्या महिन्यात बदलणार आहेत, म्हणून अडॅप्टर आजपासून चेंबर पाचसमोर टांगून ठेवला आहे, म्हणजे रबर बदलण्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच चिपने घेतलेले मिळतील.